टिंकूचं सूप

फुलचूर गावातल्या घरात दोन महिन्यांपासून पोवारी, म्हणजे घरचीच बोली, बोलायला बंदी होती. बंदी घातली होती योगेश्वरीनं. पाच वर्षांच्या टिंकूला घेऊन तिला जर्मनीत, नवऱ्याकडे, धनेंद्रकडे जायचं होतं. लेकीशी इंग्रजीतच बोलायचं, असा तिनं नियम केला. सासू जमुनाबाईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिनं नातीशी बोलणंच सोडलं. टिंकूही हळूहळू मुकी झाली.

धनेंद्रनं दोन शाळा निवडल्या होत्या. पहिली पूर्ण इंग्रजी, आंतरराष्ट्रीय. तिच्या व्हिडिओ मुलाखतीत टिंकू एक शब्द बोलली नाही. त्यांनी डॉक्टरचा रिपोर्ट मागवला. तेव्हापासून योगेश्वरीला एकच धास्ती होती. पोरीचं बोलणं खरंच अडकलं असेल तर?

आज दुसरीची पाळी होती. तिथे अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी शिकवत. फॉर्मवर ‘घरची भाषा’ या रकान्यात तिनं इथेही ‘इंग्लिश’च लिहिलं होतं.

“काऊन वं, एवढी काऊन भेऊन राहिलीस?” अंगणात तांदूळ पाखडता पाखडता जमुनाबाई म्हणाली.

“तुम्ही आत नका येऊ, आई. तेवढंच करा.”

“नाही येत, माय. मी कायले येतो तुह्या साहेबांत!”

लॅपटॉपवर पांढऱ्या केसांची एक बाई हसली. “तुझी आवडती वस्तू दाखवशील?” तिनं इंग्रजीत विचारलं.

योगेश्वरीनं टेडी पुढे सरकवला. त्याच्यावरची चार वाक्यं तिनं टिंकूकडून घोकून घेतली होती. टिंकूनं टेडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उतरून पळाली.

संपलं, योगेश्वरीला वाटलं.

पोरगी परतली ती मंडईच्या जत्रेत घेतलेलं इवलंसं सूप घेऊन. त्यात आजीच्या सुपातले मूठभर तांदूळ होते. कॅमेऱ्यासमोर उभी राहून तिनं ते झोकात पाखडलं. कोंडा थेट कीबोर्डवर उडाला.

“येव मोरो सूप से!” ती पोवारीत ओरडली. “भुसा उड़ जासे, तांदूर रव्हसे!”

मग बांध फुटावा तशी बोलत सुटली. आजी कशी पाखडते, चिमण्या कशा टपून बसतात, एकदा मांजर सुपातच कशी झोपली. दारामागून जमुनाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

“ही कोणती भाषा?” स्क्रीनवरच्या बाईनं विचारलं.

योगेश्वरी कॅमेऱ्यासमोर सरकली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “पोवारी. आमच्या घरची. मी फॉर्मवर खोटं लिहिलं.”

“बरं झालं, ऐकायला मिळाली. पोरीला एक भाषा भरभरून येते की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. बाकीच्या दोन आम्ही शिकवू. पण घरी हीच बोलत राहा. ऑगस्टमध्ये घेऊन या तिला.”

स्क्रीन बंद झाली. योगेश्वरीनं टिंकूला पोटाशी धरलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग फोन उचलून धनेंद्रला कळवलं, “दुसरीच शाळा. रिपोर्ट-बिपोर्ट काही नको.”

जमुनाबाई उंबऱ्यावरच थांबली होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

“मंग आता बोलू का वं मी तिच्यासंग?”

योगेश्वरीला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. “बोला, आई. आणि आधी हा कीबोर्ड पाखडून द्या.”