ज्या दिवशी मी पडलो नाही

अडथळा म्हटले की लोकांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. कुणाचे लग्न अडले, कुणाचा अर्ज अडला, की नाव आमचेच निघते. पण मित्रांनो, मी एक जुना आणि मनाने भला अडथळा आहे. धावण्याच्या शर्यतीत ठेवतात ना, काळे-पांढरे पट्टे रंगवलेली फळी आणि खाली दोन लोखंडी पाय, तो मी. आज माझा रंग उडाला आहे आणि एका पायाला गंज चढला आहे. तरी माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही. उलट काही माणसांचे उपकार आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे नळ्या कापणारे, वाकवणारे, जोडणारे असे बरेच हात माझ्यावरून फिरले. माझ्या पायांच्या पोकळ नळ्यांत दोन वजने बसवली. ती पुढे-मागे सरकतात आणि ठरलेल्या जागी आली की खटका बसतो. उंची कमी-जास्त केली की वजनेही सरकवावी लागतात. असे का, ते मला पहिल्याच दिवशी कळले. एका कारागिराने माझ्या फळीला आकडी लावली, आकडीला ताणकाटा जोडला आणि हळूहळू ओढू लागला. काटा चार किलोच्या जरा अलीकडे आला आणि मी धाडकन पडलो. मला वाटले, झाले, आता भंगारात जाणार! तर तो कारागीर हसून म्हणाला, "बरोब्बर पडला! पास!"

मित्रांनो, पडल्याबद्दल शाबासकी मिळवणारे जगात किती असतील? तुमच्याकडे तर नापास झाल्यावर पेढे कुणी वाटत नाही. पण आमचे काम उलटे आहे. धावणाऱ्याचा पाय लागला तर अडथळ्याने निमूटपणे आडवे व्हायचे, म्हणजे त्याला लागत नाही; आणि कोणत्याही उंचीला तेवढ्याच धक्क्याने पडता यावे, म्हणून ती वजने सरकवायची. उभे राहणे हे आमचे अर्धे काम आणि पडणे हे उरलेले अर्धे.

पुढे माझे नशीब फळफळले. देशोदेशीचे खेळाडू येणार होते अशा एका फार मोठ्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली. आम्ही ऐंशी भावंडे एकाच गाडीतून गेलो. स्टेडियम पाहून माझी तर छातीच दडपली. आमच्या देखभालीला जी माणसे होती, त्यांत एक वयस्कर बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. बऱ्याच वर्षांपासून त्या मैदानावर हेच काम करत होत्या. आमच्याशी त्या घरातल्या पोरांशी बोलावे तशा बोलत. "सरळ उभा राहा रे, लग्नाला चाललायस की काय कंबर वाकवून!" असे म्हणत त्या माझे पाय रेषेवर आणत. या स्पर्धेच्या अंतिम फेरीला ट्रॅकच्या कडेला उभे राहायचे, ही त्यांची केवढी तरी हौस होती. गणवेशाची टोपी त्यांनी घरून इस्त्री करून आणली होती.

त्या सकाळी आधी पुरुषांच्या अडथळ्यांच्या शर्यती झाल्या आणि मग बायकांच्या होत्या. पुरुषांसाठी आमची उंची जास्त असते. म्हणून मधल्या वीस मिनिटांत ऐंशी जणांची जागा बदलायची, उंची उतरवायची आणि वजने आत सरकवायची होती. आठव्या रांगेचे काम मावशींकडे होते. त्यांची पद्धत ठरलेली होती, आधी उंची, मग डावे वजन, मग उजवे. मी पाचव्या लेनमध्ये होतो. त्यांनी माझी उंची उतरवली, आणि तेवढ्यात सहाव्या लेनपाशी त्यांच्या जोडीदाराचे बोट नळीत चिमटले. तो कळवळला. मावशी मला तसेच सोडून धावल्या. त्याच्या बोटाला रुमाल गुंडाळला, त्याला बाजूला बसवले, आणि जिथे उभ्या होत्या तिथूनच, म्हणजे सहाव्या लेनपासून, पुढचे काम सुरू केले. माझी वजने पुरुषांच्याच जागी राहिली. बाहेरून मी चारचौघांसारखाच दिसत होतो. मला मात्र आतून कळत होते की, आज मी सहजासहजी पडणार नाही. पण सांगणार कसे? मला तोंड कुठे होते!

पहिली शर्यत लागली. माझ्या लेनमध्ये एक सडपातळ मुलगी होती. तिची प्रशिक्षक म्हणजे तिची सख्खी आत्याच. ती आत्या मुद्दाम आठव्या अडथळ्यासमोर, कठड्याला टेकून बसली होती. कारण आठव्यापाशी आले की पोरीचा मागचा गुडघा दमतो आणि खाली येतो, हे तिला पक्के माहीत होते. मुलीला पुढच्या फेरीत जायचे होते. त्यासाठी दोघींनी चार वर्षे पहाटे उठून घाम गाळला होता.

बंदुकीचा आवाज झाला. मुलगी छान धावत होती. सातव्यापर्यंत ती तिसरी होती. माझ्यावरून उडी घेताना तिचा मागचा गुडघा खरेच थोडा खाली आला आणि माझ्या फळीला लागला. एरवी मी आडवा झालो असतो आणि ती पुढे निघून गेली असती. पण मी फक्त डुललो आणि पुन्हा ताठ उभा राहिलो. मी पडलो नाही, मित्रांनो. ती पडली.

बाकीच्या मुली पुढे गेल्या. ती ट्रॅकवर बसून राहिली. गुडघ्यातून रक्त येत होते, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. कठड्याकडे बघून ती रडत म्हणाली, "आत्या, पाय चुकला गं माझा."

आत्याचाही जीव तिळतिळ तुटत होता, पण तोंडातून निघाले ते भलतेच. "किती वेळा सांगितलं, मागचा गुडघा उचल म्हणून! किती वेळा!"

मुलीने खाली मान घातली. कुणालाच शंका आली नाही, तिला स्वतःलाही नाही. मला त्या क्षणी गंजून पडावेसे वाटले.

पडलेले अडथळे उभे करायला मदतनीस धावत आले. मी तर उभाच होतो, म्हणून माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मावशीही पुढे गेल्या आणि मग थबकल्या. फळीवर गुडघ्याचा ओला डाग होता. "एवढा दणका बसून हा उभा कसा?" असे पुटपुटत त्यांनी माझ्या फळीला दोन बोटे लावून ढकलले. इतक्या वर्षांचे हात ते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

पुढची शर्यत चार मिनिटांवर आली होती. बुटाच्या टोकाने वजने आत सरकवली असती, तर खट्, खट्, दोन आवाज झाले असते आणि विषय संपला असता. तेवढ्यात लांबून मुकादमांनी हाक मारली, "मावशी, आटपा लवकर!" मावशींचा बूट माझ्या खटक्याजवळ आला. मी तो अगदी जवळून पाहिला. बूट तिथे थोडा वेळ थांबला, आणि मग मागे गेला. मावशींनी दोन्ही हात पसरले, याला कुणी हात लावू नका म्हणून ओरडून सांगितले, आणि मुख्य पंचांना बोलावले.

मुकादम धापा टाकत आले. सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय मी सांगायचं तुमच्या वयाला?"

"मूठ माझी हो," मावशी म्हणाल्या, "पण गुडघा तिचा फुटलाय ना."

पंचांनी ताणकाटा मागवला. आकडी लावून मला ओढले. काटा चारच्या पुढे गेला, पाचही ओलांडले, तेव्हा कुठे मी पडलो. पंचांनी तो आकडा दोनदा पाहिला. मग आम्हा ऐंशीही जणांना ओढून पाहिले. बाकी सगळे बरोबर निघाले, खोट फक्त माझ्यात होती. माझी वजने जागेवर आणली. ती मावशींनीच आणली, पण त्यानंतर त्यांची टोपी आणि ओळखपत्र काढून घेण्यात आले. उरलेले दिवस मैदानात पाऊल ठेवायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्या सामानाच्या फाटकाबाहेर एका उलट्या बादलीवर जाऊन बसल्या.

आणि पंचांनी निर्णय दिला की त्या मुलीला पुन्हा धावू द्यावे. सगळ्या शर्यती संपल्यावर तिने एकटीने धावायचे, घड्याळाशी. पुढच्या फेरीतली शेवटची जागा तेरा सेकंद अकरा शतांशांवर ठरली होती. तिची आजवरची उत्तम वेळ होती तेरा सेकंद वीस शतांश, आणि आता गुडघ्याला पट्टी होती.

अशी शर्यत मी आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. सगळ्या लेनमध्ये आम्ही उभे, आणि धावणारी एकटीच.  बंदूक वाजली. ती निघाली. पहिला, दुसरा, तिसरा अडथळा तिने असे ओलांडले की लोकांनी टाळ्यांचा ठेकाच धरला. आत्या मात्र टाळ्या वाजवत नव्हती, तिने कठडा घट्ट धरून ठेवला होता. मी मनात एकच म्हणत होतो, बाई, या वेळी माझ्यावर विश्वास ठेव.

ती माझ्यापाशी आली. उडी घेतली. आणि मित्रांनो, दमलेला तो मागचा गुडघा पुन्हा थोडा खाली आला, पुन्हा माझ्या फळीला लागला. या वेळी मी पडलो! पाठीवर, सपशेल, आडवा! ती जराशी डगमगली, सावरली आणि पुढे गेली. आडवा पडून मी आभाळ बघत होतो आणि मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. गुडघा खाली आलाच होता, आत्याचे ते खोटे नव्हते. पण माणूस दमल्यावर एवढे व्हायचेच. तेवढे सांभाळून घ्यायला तर आम्हाला घडवलेले असते.

तिची वेळ झाली तेरा सेकंद तेरा शतांश. तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ, आणि तरी दोन शतांश जास्त. पुढच्या फेरीत तिला जाता आले नाही.

संध्याकाळच्या इतर शर्यतींसाठी ट्रॅक मोकळा करायचा होता, म्हणून आम्हाला ढकलगाडीवर रचून फाटकापाशी आणले. तिथे मावशी बसल्याच होत्या. थोड्या वेळाने ती मुलगी लंगडत तिथे आली, मागून आत्या. मावशी घाईघाईने उठल्या.

"मावशी, ते वजनांचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं खरं, पण चूकही माझीच होती, बाळा. माफ कर मला. तुझी जागा गेली."

मुलीने त्यांचे दोन्ही हात धरले. "जागा दोन शतांशांनी गेली. ते दोन शतांश माझे आहेत, ते मी भरून काढीन. पण तुम्ही गप्प बसला असता, तर मी जन्मभर माझ्या पायालाच शिव्या दिल्या असत्या."

आत्या इतका वेळ मागेच उभी होती. ती पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "मीसुद्धा तिच्या पायालाच दिल्या." मग तिने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिघीही रडल्या. ढकलगाडी निघाली, त्यामुळे पुढचे मला दिसले नाही.

स्पर्धा संपल्यावर आमची पांगापांग झाली. मी एका शाळेच्या मैदानात आलो. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मोठ्या स्पर्धेतला म्हणून मुले माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढत. मग कौतुक सरले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. माझे एक वजन कुणीतरी काढून खोलीच्या दाराला अडसर म्हणून लावले, आणि ते दोन वर्षे तिथेच होते. एकदा मला उगाच उंच करून ठेवले, तेव्हा एक लहान मुलगी आपटली आणि सगळे तिलाच हसले. तेव्हा मला मावशींची फार आठवण झाली. पुढे नव्या बाई आल्या. त्यांनी वजन शोधून आणले, खटक्यांना तेल घातले आणि सरावाआधी रोज दोन बोटांनी मला ढकलून पाहू लागल्या. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

मावशी आता कुठे आहेत, मला माहीत नाही. त्या मुलीने ते दोन शतांश भरून काढले का, तेही माहीत नाही. पण माझ्यामुळे तिच्या मनात जो खोटा डाग बसला असता, तो एका बाईने आपली टोपी देऊन पुसला. मला बोलता येत नव्हते, म्हणून माझ्या वतीने मावशी बोलल्या.

मित्रांनो, मला रंग लावला नाहीत तरी चालेल. एवढेच करा. कुणी माझ्यावर अडखळून पडले, तर त्याला हात द्या, आणि त्याला नावे ठेवण्याआधी माझी वजने तपासून पाहा.