हिरव्या स्वेटरची बाई

ठकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, पण जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीएवढी होती, म्हणून घरात अजून ठकीच; खरं नाव फक्त कागदावर. अंगानं एवढीशी, आळस मात्र तीन माणसांना पुरून उरेल एवढा. लेखनाच्या वर्गात सरांनी निबंध दिला: बातम्या आणि मोबाइलवरचे मेसेज समाजावर कसा परिणाम करतात, एक खरं उदाहरण घेऊन चार पानं. आता खरं उदाहरण शोधायचं म्हणजे दहा दारं वाजवा, दहा जणांशी गोड बोला. ठकीनं पलंगावर लोळत लोळत उदाहरणच जन्माला घातलं.

तिनं लिहिलं, आमच्या गल्लीत एक मेसेज फिरला. एक बाई येते आणि मुलांची नावं विचारते. ज्याचं नाव तिला कळतं, तो दुसऱ्या दिवसापासून त्या नावाला ओ देत नाही.

सर नेहमी म्हणायचे, वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे. म्हणून ठकीनं बाईला हिरवा स्वेटर घातला. वरून तिसरं बटण पांढरं, बाकीची काळी. हे कुठून सुचलं, याचा तिनं विचारही केला नाही.

सरांनी कच्चा निबंध परत दिला. वर लाल शाईत एकच शब्द: पुरावा?

झालं. ठकीनं तो मेसेज सजवून गल्लीच्या ग्रुपवर टाकला, स्क्रीनशॉट घेतला आणि दोन मिनिटांत मेसेज पुसूनही टाकला. दोन मिनिटांत काय होतंय?

होतंय. आठवडाभरात शाळेच्या गेटवर बाप लोक रांगेनं उभे राहायला लागले. किराणावाला सांगत सुटला, आमचा धाकटा हाक मारली तर बघतसुद्धा नाही.

"तो आधी कुठं बघत होता," त्याची बायको म्हणाली. पण कडी तिनंही लावली.

आणि मग लोकांना आठवल्या कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या काकू. दुसऱ्यांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, आणि स्वतःच्या हिरव्या स्वेटरचं तिसरं बटण तुटलं तेव्हा हाताला आलं ते पांढरं लावून दहा वर्षं तसंच ठेवलेलं. ठकीच्या शाळेच्या गणवेशाची दुमड दरवर्षी त्याच उसवून द्यायच्या.

हे ठकीच्या कानावर आलं. ती धावत दुकानात गेली. मशीनवर कापड झाकलेलं, दांडीवर एकही कपडा नाही.

"काकू, तो मेसेज मी लिहिला. निबंधासाठी. ती बाई नाहीच आहे."

"तुझं मन मोठं ग राणी," काकू म्हणाल्या, "पण ती आहे. काल त्या खांबापाशी उभी होती. माझ्याच स्वेटरसारखा स्वेटर. मी मान खाली घालून दोरा ओवत बसले." मग म्हणाल्या, "शनिवारी मशीन विकतेय. जाते बहिणीकडे."

ठकीनं ग्रुपवर कबुली लिहिली. तिघांनी वाचली. एकानं अंगठ्याचं चित्र टाकलं, दुसऱ्यानं विचारलं, तुला कुणी धमकी दिली का?

शुक्रवारी तिनं काकूंकडून स्वेटर मागून घेतला. "तुम्ही चार वाजता मशीन दारात घेऊन बसा. सगळ्यांना दिसाल अशा."

चारच्या लख्ख उन्हात ठकी डोक्यावरून ओढणी घेऊन, हिरवा स्वेटर घालून गल्लीतून चालत गेली. पुढं पुढं खिडक्या लागत गेल्या, खाड खाड खाड. किराणावाला पोत्यामागं बसला. आत्या गच्चीत कपडे वाळत घालत होती. ठकीला मांडीवर खेळवलेली बाई, पण तिनं सरळ ठकीच्या डोळ्यांत बघितलं आणि ओली चादर तशीच टाकून आत पळाली. ठकीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. गल्लीच्या टोकाला तिनं स्वेटर काढला, घडी घालून बॅगेत कोंबला आणि लायब्ररीत जाऊन बसली.

काम मात्र झालं. येताना बघते तर किराणावाल्याची बायको तीन पँटी घेऊन काकूंच्या दारात. "काकू, आमचं चुकलंच. तुम्ही इथं बसलेल्या आणि ती तिकडून चाललेली, अख्ख्या गल्लीनं पाहिलं." मशीन खडखडत होती. काकू मान वर न करता पाय मारत होत्या.

घरी आई बटाटे सोलत होती. साल निघत होतं आणि अर्धा बटाटाही.

"मी पाहिली ग तिला," आई म्हणाली.

ठकीनं ओठ दाबले. आता सांगून टाकावं. "चार वाजता ना?"

"नाही, साडेपाचला. शाळेच्या गेटापाशी."

ठकीनं बॅग चाचपली. स्वेटर आतच होता, घडी घातलेला.

"चेहरा कसा होता?"

आई शब्द शोधत राहिली. "एकच फोटो शंभर जणांना पाठवून पाठवून पुसट होतो बघ, तसा. पण बोलली इतकी गोड. घरी कोण कोण असतं, मुलगी काय शिकते."

"आई. नाव विचारलं का तिनं?"

"माझं नाही विचारलं." आईनं सुरी खाली ठेवली. "तुझं विचारलं. बोलता बोलता सांगून गेले. कागदावरचं ग. घरात कोण म्हणतंय ते."

सोमवारी सरांनी निबंध परत दिले. सगळ्यात चांगला म्हणून एक निबंध वर धरला आणि नाव पुकारलं. कुणी उठेना. परत पुकारलं. मग एकेक मान मागं वळायला लागली. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ठकीनंही मान वळवली, कोण आहे ही, बघू या म्हणून.