कपाळावरची पांढरी फुली

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून राहिले. वर्षभर ते पत्र माझ्या पोटात पडून होते. मला हात नाहीत हे खरे. पण तेवढ्याने माझी सुटका होत नाही. कारण त्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते.

मी एक जुना लाकडी ट्रे आहे. चार फळ्या आणि तळाला तारेची जाळी, एवढाच माझा जीव. मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. तरी ऐका.

एका रोपवाटिकेच्या बियाणे खोलीत माझे आयुष्य गेले. पाइनच्या झाडांवरून उतरवलेले शंकू, म्हणजे त्यांची खवल्याखवल्यांची फळे, माझ्यावर पसरत. उबदार वाऱ्यात ते टक् टक् करत उमलत आणि पंख असलेले बी जाळीतून खालच्या कापडावर पडे. त्या आवाजाने मी सुखावून जाई.

खोली सांभाळणाऱ्या मावशी कडक होत्या. जमिनीवर पडलेला शंकू त्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. "खाली पडलेल्याला आधी बुरशी भेटते, मग आपण," असे म्हणत. दर हंगामाआधी आम्हा साठ ट्रेंना त्या कढत पाण्याने घासत, उन्हात उभे करत आणि वाळल्यावर कडेवर, म्हणजे आमच्या कपाळावर, खडूने फुली मारत. फुली म्हणजे धुतलेला. हंगाम संपला की फुली पुसून टाकत.

मग नवे साहेब आले. हुशार होते, पण कायम घाईत.

"मावशी, दरवर्षी खडू काय घासत बसता? पांढऱ्या रंगाने मारा फुली. जन्माची कटकट मिटेल."

"अहो साहेब, रंगाने कधी ट्रे धुतला जातो का?"

"तुम्ही ना, फार बोलता!"

त्या वर्षी धुऊन झाल्यावर आम्हाला रंगाची फुली बसली. पुढच्या हंगामात मावशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आम्हाला गोदामातून काढले, तर साठही कपाळांवर फुली ठसठशीत! मग धुवायचे कोणाला सुचणार?

मित्रांनो, माझा संताप समजून घ्या. जाळीच्या कोपऱ्यांत गेल्या वर्षीची कुजकी साल होती, करड्या बुरशीचे धागे होते, आणि कपाळावर मात्र 'धुतलेला'! तपासनीस आले, त्यांनी साठ फुल्या मोजल्या आणि मान डोलावून गेले. जाळीला बोट लावून कोणी पाहिले नाही. त्यात भर म्हणजे, शंकू कमी पडले म्हणून जमिनीवरचेही वेचून आणले, ओलेच पोत्यांत दाबून. बुरशीला आवतण द्यायचे आणखी काय राहिले होते? मी तोंड न उघडता खोटे बोलत होतो. ते मला आजही सोसत नाही.

हंगामाअखेरी माझा कोपरा निखळला, म्हणून मला साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायला नेले. तिथे ते पत्र आले. दूरच्या एका रोपवाटिकेतल्या बाईंचे. साहेबांनी ते मोठ्याने वाचले.

"तुमचं बी पेरलं. अर्धं उगवलंच नाही. उगवलं ते आठ दिवसांत मातीलगत काळं पडून आडवं झालं. पाणी मी सकाळीच, बेताने देते. वाफ्यात तुंबू देत नाही. सगळे म्हणतात, माझाच हात वाईट. माझी चूक असेल तर कळवा, मी शिकेन. पण पुढच्या पेरणीआधी कळवा, नाहीतर हे काम माझ्याकडून काढून घेतील."

"पाणी जास्त घातलं असणार," साहेब म्हणाले आणि पत्र माझ्यात टाकले. त्यावर परिपत्रके साचत गेली.

पाणी जास्त! त्या क्षणी साहेबांच्या पायांवर पडावेसे वाटले. नमस्कारासाठी नव्हे, चांगल्या वजनानिशी.

गेल्या आठवड्यात मावशी सगळे ट्रे धुवायला काढत होत्या. मलाही न्यायला आल्या. कागद उपसताना ते पत्र वर आले. त्यांनी उभ्यानेच वाचले. मग माझ्या जाळीच्या कोपऱ्यातून बोट फिरवले.

"साहेब, हे कधीचं?"

"ते होय... राहिलं."

"राहिलं? तिकडे एक बाई वर्षभर बोलणी खातेय, आणि इकडे राहिलं?"

"उत्तर दिलं की चूक आपली ठरेल, मावशी."

"ठरेल कशाला? आहेच. हे बोट बघा!"

काळे झालेले बोट त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरले. साहेबांनी बोटाकडे पाहिले, मग माझ्या कपाळाकडे.

"मला वाटलं, फुली आहे म्हणजे..."

"फुली तुमचीच की हो ती. बसा, लिहा. मी सांगते."

साहेब कागद ओढून लिहू लागले. "बाई, तुमचा हात चांगला आहे. आमचे ट्रे अस्वच्छ होते, म्हणून बी रोगट निघालं. पाणी तुम्ही बरोबरच देत होता. उरलेलं बी पेरू नका. झाडावरच्या शंकूंचं नवं बी पाठवतो. ते साचलेल्या पाण्यात नको, वाहत्या पाण्यात भिजवा. वाफ्यातली माती बदला. आणि हे पत्र तिथे सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचा."

शेवटचे वाक्य लिहिताना साहेबांचे पेन थांबले. मावशी हलल्या नाहीत. पेन पुढे सरकले. खाली सही झाली.

मित्रांनो, मी लहान तोंडाचा ट्रे. उपदेश मला शोभत नाही. पण कोणाच्याही कपाळावरची फुली वाचून थांबू नका. जाळीला बोट लावून बघा.

मावशींनी काचेच्या तुकड्याने माझा रंग खरवडला, कढत पाणी ओतले आणि मला फाटकाजवळ उन्हात उभे केले. पेरणीला अजून महिना होता. तेवढ्यात साहेब पाकीट घेऊन माझ्या शेजारून गेले, टपालपेटीपाशी घुटमळले, एकदा मागे वळून पाहिले. मावशी दारातच उभ्या होत्या.

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला, आणि साहेब रिकाम्या हातांनी परत आले.