उतारावरचा गिअर

लाँड्रीची गाडी चालवायला मला एकवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत कुणी मला शहाणपण शिकवलेलं नाही. म्हणजे शिकवायला पुष्कळ आले, पण मी ऐकेन तर शपथ. मालकीणबाईंनी आम्हा चौघा ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, "महिनाअखेरीला जी गाडी सगळ्यात जास्त डिझेल पिईल ती विकणार, आणि तिचा ड्रायव्हर चादरींच्या घड्या घालायला बसणार." तेव्हा बाकीचे तिघं माझ्याकडेच बघायला लागले.

त्यांच्या गाड्या लिटरला अकरा-बारा द्यायच्या, माझी नऊ. मी म्हणायचो, गाडी म्हातारी झालीय. घड्या घालणं काही वाईट काम नाही, पण दिवसभर त्या टेबलाशी उभं राहून माझा जीव गेला असता.

घरी जेवताना मी हेच बडबडत होतो. आमची सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. ती म्हणाली, "बाबा, उद्या मला सुट्टी आहे. येऊ का तुमच्या गाडीत?"

"ये की. पण तोंड उघडायचं नाही."

"बरं झालं," आमची ही म्हणाली, "निदान एकाचं तरी तोंड बंद राहील."

पोरीने शब्द पाळला. सकाळी इंजिन चालू ठेवून मी चहाला गेलो, तिने नुसतं घड्याळ पाहिलं. लांबून लाल सिग्नल दिसत असताना मी वेगात गेलो आणि करकचून ब्रेक मारला, तरी गप्प. मग टेकडीचा उतार आला. मी ऐटीत गाडी न्यूट्रल केली. "हे बघ, फुकटचा प्रवास. माझ्या उस्तादांची शिकवण आहे."

"बाबा, उस्ताद चुकले," ती म्हणाली. "गिअरमध्ये ठेवून पाय उचललात तर उतारावर इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते पीत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो."

माझं डोकं फिरलं. खाली पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, उतर. ती उतरली आणि तिने मागचं दार उघडलं. सकाळी नीट रचलेल्या चादरींचे गठ्ठे सगळे आडवे पडले होते. रोज तसेच पडायचे, आणि त्यासाठी मी रोज हमालांना शिव्या घालायचो.

"हे माझ्यामुळे?" मी विचारलं.

"पाय जड आहे तुमचा," ती म्हणाली. "हात चांगला आहे."

सांगायला काय जातं? पहिला आठवडा माझा नुसता पाय शिवशिवत होता. मोपेडवाला पुढे गेला तरी गप्प बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण एके दिवशी मी सिग्नलच्या बरंच आधी पाय उचलला, गाडी हळूहळू पोचली आणि न थांबता हिरव्यावर निघाली. मी गाडीत एकटाच हसलो.

महिनाअखेरीला माझी गाडी पहिली आली, लिटरला चौदा. शेवटचा आला आमच्या चौघांतला तो गॉगलवाला. तो म्हणाला, "हा पदरचं डिझेल टाकतोय." मालकीणबाईही विचारात पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, टाकी गळ्यापर्यंत भरा आणि बसा शेजारी. यालाही मागे बसवा."

चौऱ्याऐंशी किलोमीटरची फेरी. उतारावर मागचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमला, पण मी गिअर सोडला नाही. परत त्याच पंपावर आलो. सहा लिटरला नळी खट्कन थांबली. पंपवाल्याला वाटलं बिघडली. त्याने परत दाबली, परत खट्. चौदा! मालकीणबाईंनी स्वतः गुणाकार करून पाहिला, दोनदा.

"उद्यापासून या तिघांना तुम्ही शिकवा," त्या म्हणाल्या.

गॉगलवाल्याने मान खाली घातली होती. मिशीला पीळ द्यायची याहून चांगली संधी मला जन्मात मिळाली नसती, पण त्याच्या डोळ्यांसमोर ते घड्यांचं टेबल आहे हे मला दिसत होतं.

"मी नाही," मी म्हटलं. "मला माझ्या सुनेने शिकवलंय. तिलाच रीतसर बोलवा. आणि याची गाडी महिनाभर विकू नका, हाही शिकेल. माझ्यासारखा हट्टी शिकला म्हणजे कुणीही शिकेल."

मालकीणबाईंनी होकार दिला. गॉगलवाल्याने माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.