घोड्यांच्या नोंदी आणि नेरमीन होजा

दर गुरुवारी दुपारी जेवणं आटोपली की कावेरी माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. ती हेब्बाळला राहते, विद्यापीठाच्या जवळ. पण तिथलं इंटरनेट मधेच तुटतं, आणि राजाजीनगरला माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. इस्तंबूलमध्ये तेव्हा सकाळ असायची. थोड्या वेळानं पडद्यावर नेरमीन होजा दिसायच्या. होजा म्हणजे तिकडे गुरू. ऐंशी ओलांडलेल्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, बोटात जाड चांदीची अंगठी. कावेरीचं वाचन चुकलं की त्या अंगठीनं टेबलावर टकटक करायच्या.

कावेरी माझी धाकटी बहीण. आम्ही निपाणीच्या. मी रसायनशास्त्र शिकून बेंगळुरूला आले आणि पाणी तपासायला लागणारी प्रमाणद्रव्यं, म्हणजे ज्यांच्याशी उपकरणं ताडून बघतात ती द्रावणं, तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत राहिले. कावेरी इतिहासात गेली, दिल्लीला गेली, आणि एका सुट्टीत घरी येऊन म्हणाली की ती तुर्की शिकते आहे. आई चूल सारवल्यासारखा गॅसचा ओटा पुसत होती. ती म्हणाली, "तुर्की तंबाखू ऐकली होती गं आम्ही निपाणीत. तुर्की भाषा आजच ऐकली. विकायची कुठं ती?"

कावेरी इस्तंबूलला सात वर्षं राहिली. तिथं तिला बसरा बंदरातल्या जकातीच्या नोंदी सापडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून हिंदुस्थानात घोडे यायचे, आणि त्यातले पुष्कळ बेंगळुरूच्या छावणीत. घोडा कुठल्या रंगाचा, कोणाचा, कोणत्या नाखव्याच्या जहाजावर चढला, हे सगळं त्या नोंदींत होतं. ही माणसं कोण होती, त्यांच्यातली कोणती इथं राहिली, हे तिला शोधायचं होतं. म्हणजे तिच्या सगळ्या पुस्तकाचा आधार नावं हाच होता.

अडचण लिपीची होती. उस्मानी खजिन्याचे कारकून सियाकत नावाच्या लिपीत लिहायचे. अक्षरांवर टिंबं नाहीत, शब्द एकमेकांत अडकलेले, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. बाहेरच्याला वाचता येऊ नये अशीच ती लिपी होती. बसऱ्याच्या या कारकुनाचं अक्षर नेरमीन होजांशिवाय कोणालाच नीट लागत नसे. म्हणून बेंगळुरूच्या विद्यापीठात शिकवायला लागल्यावरही कावेरीनं गुरुवार सोडला नाही. दोघींसमोर एकाच पानाचं छायाचित्र असायचं. शिष्यानं मोठ्यानं वाचायचं, गुरूनं ऐकत नजरेनं पडताळायचं. मतभेद झाला तर गुरूचा शब्द शेवटचा. त्या लोकांची जुनी पद्धत आहे ही. मला तुर्की येत नाही. मी शेजारी बसून पानाचे क्रमांक लिहून देत असे आणि चहा करत असे. कधी कावेरी घोड्याच्या रंगाला आपला शब्द सांगायची. एकदा ती 'अबलख' म्हणाली तर होजांनी टाळ्याच वाजवल्या; तो शब्द त्यांच्याकडेही होता.

मे महिन्यात सीमेवर जे झालं आणि तुर्कस्ताननं जी बाजू घेतली, त्यानंतर सगळीकडे एकच विषय. आमच्या मजल्यावरची सुखदा आयटीत आहे, पुण्याची. ती लिफ्टमध्ये म्हणाली, "ताई, आम्ही टर्कीची ट्रिप कॅन्सल केली हं. रिफंडही नाही मिळाला. कावेरीताईंचं आता काय? सब्जेक्टच कॅन्सल!" ती हसली, मग तिला वाटलं की हसायला नको होतं. "सॉरी हं. म्हणजे, तसं नाही."

तसंच होतं. देशातल्या काही विद्यापीठांनी तिकडचे करार थांबवले. कावेरीच्या विद्यापीठानं कोणी न सांगताच थांबवले. तिचा तुर्की भाषेचा वर्ग वेळापत्रकातून गेला. तिची नेमणूक कराराची, ऑगस्टमध्ये नव्यानं व्हायची, आणि त्यासाठी पुस्तक प्रकाशकाच्या हातात पडलेलं असायला हवं होतं. प्रकाशकानं आधीच दोनदा मुदत वाढवली होती. आता जुलैअखेर, त्यापुढे नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी मी शेजारी बसले होते. कावेरीनं एक नाव वाचलं. टकटक झाली. होजा काहीतरी म्हणाल्या, कावेरीनं वाचलेलं खोडून नवं लिहिलं. मला अक्षर कळत नाही, पण आकृत्या जुळवणं हे माझं आयुष्यभराचं काम. उतरती रेघ, मग बारीक कंप, शेवटी खाली वळलेलं शेपूट. ही आकृती मी आधीच्या पानावर पाहिली होती.

कॉल बंद झाल्यावर मी म्हटलं, "हे मागच्या पानावर इब्राहिम होतं ना गं? आज इस्माईल कसं झालं?"

कावेरी कप उचलून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

"माहीत आहे मला," ती आतूनच म्हणाली. "होजा चुकतायत हे एप्रिलपासून माहीत आहे."

"मग बोललीस का नाही?"

"बोलले एकदा. म्हटलं, होजा, आपण हे आधी वेगळं वाचलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळा? पुढच्या गुरुवारी बघितलंस ना, कानात मोती घालून बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. त्यांची भाची म्हणते की बुधवारी रात्री झोपतच नाहीत, पानं पाठ करत असतात." ती बाहेर आली. "परत कसं बोलू अक्का? तूच सांग."

मला कामाचं सुचलं ते मी बोलले. "नोंदींना बेरजा असतील ना? प्रत्येक जहाजाचे घोडे शेवटी मांडलेले असतील. त्यावरून तपासता येईल."

"घोडे जुळतात. सगळे जुळतात. त्यांचं आकड्यांचं वाचन अजून पक्कं आहे. नावांची बेरीज कशी करू?"

माझ्या प्रयोगशाळेत उपकरण चुकलं तर घाबरायचं काही नसे. प्रमाणद्रव्याला लावून ते पुन्हा नीट करता येतं. भीती असे ती प्रमाणच हळूहळू बदलण्याची. ते एका दिवसात बदलत नाही, आणि कधीपासून बदललं हे त्याच्याकडे बघून समजत नाही. तेव्हा त्याच्यावर अवलंबून न राहता मोजायची दुसरी वाट शोधावी लागते.

कावेरीकडे अशी एक वाट होती. मूळ कागद. छायाचित्रात बारीक रेघा बुजतात. मूळ पान तिरकं धरलं की लेखणीचा दाब दिसतो, कुठे हात उचलला ते दिसतं. "मूळ पान हातात आलं तर मी होजांशिवाय वाचू शकेन," ती म्हणाली. "सगळं नाही. पण कुठे घसरलंय ते स्वल्प तरी कळेल." मूळ कागद बघायला स्वतः जावं लागतं, आणि ज्या संस्थेत काम करतो तिचं शिफारसपत्र दाखवावं लागतं. तिकिटापुरते पैसे तिच्याकडे होते. हवं होतं ते विद्यापीठाचं एक पत्र.

त्या पत्रासाठी तिनं मेअखेरीलाच अर्ज दिला होता. त्यावर काही उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही दोघी एका सकाळी विभागप्रमुखांना भेटायला गेलो. गाडी मीच चालवली. त्रिविक्रम सर चांगले गृहस्थ. मला बघून उठून उभे राहिले. "अक्कांना घेऊन आलात? बसा, बसा. कॉफी?"

कॉफी आली. कावेरीनं पत्राचं विचारलं.

"मॅडम, मी नाही कुठे म्हणतोय?" ते म्हणाले. "फक्त आत्ता नको. माझ्या सहीनं त्या देशाच्या नावाचं पत्र गेलं, आणि कोणी त्याचा फोटो टाकला, तर मी काय सांगू? मला कुलगुरू विचारतील. त्यांना आणखी कोणी विचारेल."

"सर, कागद दोनशे वर्षं जुने आहेत."

"मला माहीत आहे हो. फोटो बघणाऱ्याला कसं माहीत असणार?" त्यांनी कप बशीत ठेवला. "एक विचारू? घोडे तर अरबी होते ना?"

"हो."

"आणि बसरा आज इराकमध्ये. मग तुर्कस्तान मधे आलाच कुठून? अरबांवर काम आहे असं लिहा. अरब चालतात. इराण पण चालेल, बहुतेक."

"कागद इस्तंबूलमध्ये आहेत, सर."

"तीच तर पंचाईत," सर मनापासून म्हणाले. मला त्यांचा राग येईना. ते खोटं बोलत नव्हते, अडवतही नव्हते. त्यांच्या जागी बसून मी तरी सही केली असती का, हे मी स्वतःला विचारलं. निघताना त्यांनी कावेरीला सांगितलं, "पुस्तक मात्र वेळेत द्या हं मॅडम. तेवढं असलं की तुमची फाइल मी रेटतो. वचन."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. म्हणजे पुस्तक द्यायचं, आणि ते बरोबर आहे का ते बघायचं नाही."

"पत्राशिवाय गेलीस तर?"

"दारातून परत पाठवतील. आणि इकडे विचारतील की न सांगता का गेलीस." फ्लायओव्हरवर गाड्या थांबल्या होत्या. तिनं काच खाली केली, पुन्हा वर केली. "मी दुसरं काय शिकले अक्का? दुसरं काहीच येत नाही मला."

जुलैच्या शेवटच्या गुरुवारी शेवटचं पान आलं. नेरमीन होजांनी मोती घातले होते आणि निळा स्कार्फ. कावेरीनं वाचलं. टकटक झाली, तिनं खोडलं, लिहिलं. पुन्हा टकटक. ती खोडायची तेव्हा तिचा चेहरा अगदी शांत असायचा. प्रत्येक वेळी ती 'होजाम', म्हणजे 'माझ्या गुरू', म्हणून मान लववायची. पान संपलं तेव्हा होजा बराच वेळ बोलत राहिल्या. मधेच त्यांनी डोळे पुसले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, त्यांना वाटलं नव्हतं हे पुरं झालेलं बघायला मिळेल. म्हणतात, आता शेवटी लिही." कावेरीनं एक कोरा कागद पुढं ओढला. पडताळणी पुरी झाली की शेवटी तसं लिहायची त्यांच्यात रीत आहे: मुळाशी ताडून पाहिलं, बरोबर आढळलं. खाली गुरूचं नाव, शिष्याचं नाव.

तिनं उजवीकडून डावीकडे ती ओळ लिहिली. हात सावकाश चालला होता, पण थांबला नाही. मग कॅमेऱ्यासमोर कागद धरला. होजांनी चष्मा काढून पडद्याजवळ तोंड आणलं, ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुझंही नाव हवं म्हणतात," कावेरी माझ्याकडे न बघता म्हणाली. "साक्षीदार म्हणून. सगळे गुरुवार तू होतीस."

न तपासलेल्या अहवालावर मी कधीही सही केलेली नाही. एकदा त्यापायी वरिष्ठांशी वर्षभर अबोला होता. पण पडद्यावर त्या बाई वाट बघत होत्या, मान थोडी तिरकी करून. कावेरीनं पेन माझ्याकडे सरकवलं. मी देवनागरीत लिहिलं: वासंती. होजांना ती अक्षरांच्या डोक्यावरची रेघ फार आवडली. कावेरीला म्हणाल्या, सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. मग त्यांनी विचारलं की कावेरी कधी येणार. आली की त्या स्वतः तिला मूळ कागद दाखवायला घेऊन जातील. कावेरी म्हणाली, लवकरच. एवढं तुर्की मला कळायला लागलं होतं.

कॉल बंद झाल्यावर तिनं तो कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. पुस्तकाची फाइल उघडली. प्रकाशकाला ती त्याच दिवशी जायची होती.

"अशी नाही पाठवत मी," ती म्हणाली.

"मग?"

"शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह घालते. नावापुढे. वाचणाऱ्याला कळेल."

"मग ते घेतील?"

"नाही माहीत. शेवटाकडून सुरू करू. तू तारीख वाच."

पानांच्या क्रमांकांपुढे कोणत्या गुरुवारी वाचलं ते मीच लिहिलेलं होतं. मी वाचत गेले, ती प्रश्नचिन्हं घालत गेली. जुलै झाला, जून झाला. इब्राहिम, इस्माईल, नाखवे, दलाल, छावणीतले खरेदीदार, सगळ्यांपुढे प्रश्नचिन्ह. एप्रिल संपल्यावर मी थांबले, कारण एप्रिलपासून माहीत आहे असं ती म्हणाली होती.

"माहीत मला एप्रिलला झालं," ती म्हणाली. "सुरू कधी झालं ते कुठं माहीत आहे?"

मी मार्च वाचायला घेतला. मार्चमधली नावं मला ओळखीची वाटत होती, बरोबरही वाटत होती. पण एप्रिलमधलीही तशीच वाटली होती. फेब्रुवारीची पानं आली. कावेरीनं स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, "इथं थांबू?"

मी पान पुन्हा पाहिलं. रेघ, कंप, शेपूट. इब्राहिमही वाटत होतं, इस्माईलही.

"पुढचं वाच," ती म्हणाली, आणि मी जानेवारी काढला.