चार तारा, एक ताण

मित्रांनो, दुकानाच्या काचेआड टांगलेल्या चकचकीत गिटारी तुम्ही पाहिल्या असतील. मी त्यांच्यातली नाही. सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका घराच्या ओट्यावर घडलेली मी छोटीशी बेस गिटार आहे. माझं पोट म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. माझ्या तारा सायकलच्या ब्रेकच्या. माझी मान मात्र खानदानी आहे. ती एका जुन्या यंत्रमागाची फळी आहे, आणि माझं आयुष्य खरं तर त्या मागातच सुरू झालं.

त्या मागावर निंबा सपकाळे काम करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. ते धुळ्याकडून कामासाठी आले आणि सुरतेचेच झाले. कापड विणायचं तर उभे धागे, म्हणजे ताणा, एकसारखा ताणलेला हवा. एक धागा जरी ढिला राहिला तरी कापडात वळी पडते. आबा धाग्यांवरून तळवा फिरवून ढिला धागा ओळखायचे. त्यांची मुलगी निशा लहानपणी डबा घेऊन कारखान्यात येई, तेव्हा ते तिला डोळे मिटायला लावून तिचा तळवा ताण्यावर ठेवत.

"सांग, कोण ढिला आहे?"

निशा हळूहळू हात सरकवायची आणि एका जागी थांबायची. "हा आळशी आहे, आबा."

मी तेव्हा मागातली नुसती फळी होते, पण हे सगळं मी पाहिलं आहे.

पुढे नवी यंत्रं आली. माग मोडीत निघाला. आबांनी त्याची एक फळी घरी आणली आणि खाटेखाली ठेवून दिली. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

निशा मोठी झाली, बँकेत लागली, तिला चैताली झाली. वरच्या मजल्यावर त्या राहत, खाली आबा आणि त्यांची बायको कलाबाई. चैताली पहिलीत गेली त्या वर्षी चौदा एप्रिलला गल्लीत भीमजयंतीचा कार्यक्रम होता. गायन पार्टीतला चेतन बेस गिटार वाजवत होता. लोक गायकाकडे पाहत होते, आणि चैताली चेतनच्या बोटांकडे. कार्यक्रम संपल्यावर तिने ती गिटार मागितली. गिटार तिच्याहून उंच होती.

"आधी जेव, मोठी हो," चेतन हसून म्हणाला.

ती घरी आली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी खाटेखालून मला ओढून काढलं. करवत, रंधा, पाना, सगळं ओट्यावर मांडलं. कलाबाई दारातून म्हणाल्या, "म्हातारपणे हाई काय नवं सुरू कयं?"

"तुझ्यासाठी नाही. पाहुण्यांसाठी आहे," आबा म्हणाले. चैताली समोर उकिडवी बसली होती. तिला पाहुणी म्हटलेलं फार आवडलं.

त्यांनी माझी मान तासली. बोटं कुठे दाबायची ते कळावं म्हणून मानेवर रंगीत धागे आडवे चिकटवले आणि वरून वार्निश दिलं. तारा ताणायला नट-बोल्ट बसवले. मग पाना घेऊन ते प्रत्येक तार ताणू लागले. एक ताणायचे, तळवा फिरवायचे, दुसरी ताणायचे, पुन्हा तळवा. शेवटी समाधानाने म्हणाले, "घे. एकही आळशी नाही."

चैतालीने पहिली तार छेडली. दुसरी छेडली. तिसरी, चौथी. आणि ती खो-खो हसत सुटली.

"आबा, आ तो चारेय सरखुं ज बोले छे!"

खरंच, माझ्या चारही तारा एकाच आवाजात बोलत होत्या. आबांनी माझा ताणा लावला होता. इतका सारखा की त्याला कारखान्यातला कुठलाही मास्तर नावं ठेवू शकला नसता.

चेतनने मला मांडीवर घेतलं आणि तोही हसला. "आबा, हिला काय साडी विणायची आहे? ही तार ढिली सोडा. ही तिच्याहून जरा ताठ. मग ही. तेव्हा कुठे गाणं निघेल."

आबांनी पाना लावला, पण त्यांचा हात नट सैल करेना. जन्मभर ज्या हाताने ढिलं ते ताठ केलं, त्याला उलटं फिरायला जड गेलं. तरी त्यांनी फिरवला. त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरही मी रोज संध्याकाळी ओट्यावर वाजत होते. तारा उतरल्या की आबाच पाना लावायचे. चेतनने चैतालीला शब्द दिला होता, पुढच्या जयंतीला एक गाणं तिचं.

थंडी सुरू होताना आबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले, आणि परत आले ते चादरीखाली.

निशा रडली नाही. तिने फोन केले, चहा केला, भंतेजींना बसायला सतरंजी घातली. पुण्यानुमोदनाला आलेल्या बायका म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." ती "हो" म्हणाली आणि पाण्याचे ग्लास भरत राहिली. लोक गेल्यावर तिने मला आबांच्या चादरीत गुंडाळलं आणि कपाटामागे उभं केलं. मग ती बँकेत जाऊ लागली.

मित्रांनो, कपाटामागे काही घडत नाही. ओल येते, तार थोडी उतरते, नटांवर तांबूस पूड चढते. मला दुःख झालं का, असं तुम्ही विचाराल. मला काहीच झालं नाही. मला वाटतं, निशालाही तसंच असावं.

जयंती जवळ आली तसा चेतन आला. "ताई, गिटार द्या. मी तारा लावून देतो."

"नको," निशा म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"नटांना शेवटचा हात आबांचा लागलाय. असू दे."

चैताली दाराशी उभी होती. तिने विचारलं, "मग माझं गाणं?" निशा भाजी निवडायला बसली. चेतन चपला घालून निघून गेला.

तेव्हा आतून कलाबाई आल्या. त्यांनी कपाट सरकवलं, मला बाहेर काढलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. "तुना आबा गयात. आते त्या तारा कसाले बांधी ठेवस? पोरले वाजाडू दे."

चैताली पाना घेऊन आली. निशाने बराच वेळ तो नुसता हातात धरला. मग पहिल्या नटाला लावला. नट गंजला होता, करकरला, आणि फिरला. आबांचा ताण गेला. मला तो जाताना कळला.

तिने तार ताणली. दुसरी ताणली. तळवा फिरवला. तिसरी, पुन्हा तळवा. तिचे डोळे मिटलेले होते. चौथीशी तिचा हात थांबला, तिने ती जराशी आवळली आणि मला लेकीच्या हातात दिलं.

चैतालीने एकेक तार छेडली. मग ती आईकडे पाहून हसू लागली.

"आई, चारेय सरखुं!"

निशाने स्वतःचा तळवा उलटा करून पाहिला. मग तो माझ्या तारांवर पुन्हा ठेवला आणि तशीच बसून राहिली. कलाबाईंनी चहा टाकला.

उद्या चेतनकडे जायचं ठरलं. त्या संध्याकाळी मात्र मला कुणी सुरात लावलं नाही. ओट्यावर चैताली माझ्या चारही तारांवर तो एकच आवाज वाजवत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मागे ठेवलेली वस्तू असेल, तर तिला चादरीत गुंडाळू नका. पाना घ्या. तुमचा हात चुकेल. चुकू द्या. ती चूक कुणाची आहे, ते नीट ऐका.