बरणीवरची दुसरी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. उदगीरच्या शाळेत राहते आणि माझ्या पोटात समुद्रातला एक जीव आहे. हसू नका, खरंच आहे!

माझं बालपण गोड गेलं, कारण माणिकप्पांच्या दुकानात माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असत. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गोळ्या कोण घेणार? माणिकप्पांनी मला धुऊनपुसून शाळेतल्या विरूपाक्ष सरांच्या हवाली केलं. सर मूळचे गणिताचे. शास्त्राला कुणी नव्हतं म्हणून तेही शिकवत. रत्नागिरीला शिबिराला गेले असताना ओहोटीच्या खडकांत त्यांना एक मऊ, लिबलिबीत जीव सापडला होता. तो त्यांनी स्पिरिटमध्ये घालून माझ्यात ठेवला. पाठीवर शंख नाही, पाय नाहीत, म्हणून चिठ्ठीवर लिहिलं, ‘समुद्री जळू’. तेव्हा ज्वारीचं पीठ जपून वापरावं लागे, म्हणून चिठ्ठी डकवायची खळ अगदी पातळ केली होती.

दहा वर्षं मी तशीच मिरवले. मुलं मला बघायला रांग लावत. शाळेच्या सेविका नागम्माबाई दर शनिवारी मला पुसत, स्पिरिट कमी झालं की सरांना सांगत. पुसताना आत टक लावून बघत.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन भरणार आणि आमच्या शाळेतून मी जाणार! आनंदानं माझं झाकण उडायचंच बाकी होतं. आदल्या दुपारी मला उन्हात धरून पुसता पुसता नागम्माबाईंनी इतकी वर्षं मनात ठेवलेलं अखेर बोलून दाखवलं.

“सर, जळूला शिंगं नसत्यात. ह्याला हायेत. आमच्या मळ्यातल्या गोगलगायीला असत्यात तशी.”

“मग शंख कुठंय, नागम्माबाई?”

“मला काय ठाव? आत असंल.”

सर अस्वस्थ झाले. बघायचं तर कापावं लागणार. आत काहीच निघालं नाही, तर शाळेचा एकुलता एक समुद्री जीव वाया जाणार. मग उद्या लातूरला काय, रिकामी बरणी न्यायची? माझ्या तर काचेला घाम फुटला. शेवटी सरांनी त्याला ताटलीत घेतलं आणि पाठीवरची कातडी हलक्या हातानं चिरली.

आत नखाएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ शंख होता!

सर ताडकन उठले. कॉलेजातून जाड पुस्तक आणवलं आणि त्यात नाव सापडलं, समुद्रससा. मग फळ्यावर वंशवृक्ष उभा राहिला. जळू गेली गांडुळाच्या घराण्यात, पार दुसऱ्या टोकाला. आमचा पाहुणा बसला गोगलगायीच्या भाऊबंदांत. त्याच्या पूर्वजांच्या पाठीवर मोठा शंख होता. पिढ्यानपिढ्या लहान होत तो कातडीखाली गेला. काही भाऊबंदांनी तर तो पुरता टाकूनच दिला. सर बोलत होते आणि मला वाटत होतं, अख्खा समुद्र माझ्यात मावलाय.

जुनी चिठ्ठी सोलायला घेतली तर अलगद निघाली, ती पातळ खळीची कृपा. नवीवर सरांनी लिहिलं, ‘समुद्रससा. गोगलगायीचा नातलग.’ खाली लिहिलं, ‘ओळख पटवली: नागम्माबाई.’ त्यांना वाचता येत नव्हतं. सरांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. नागम्माबाईंनी पदरानं माझं झाकण पुसलं, ते स्वच्छ असूनही.

त्या निवृत्त झाल्या आणि माझे शनिवार चुकू लागले. आता स्पिरिट निम्म्यावर आलंय. मित्रांनो, तेवढं आटू देऊ नका. आणि कुणावरही चिठ्ठी डकवाल, तेव्हा खळ पातळच ठेवा.